डॉक्टर दिवाण

सुरतेस माझ्याकडे गाणे शिकावयास येणाऱ्या मुलींपैकी एकीला मध्यंतरी शाळेत भाषण करावयाचे होते. विषय हंसाबेन मेहतांचा. भाषणाचा कागद तिने पेटीवर ठेवला आणि तालमीस बसण्यापूर्वी "सर, एकदा ऐकता का?" म्हणून मला वाचून दाखवला. हंसाबेन ३ जुलै १८९७ रोजी सुरतेत जन्मल्या. त्यांचे आजोबा नंदशंकर मेहता म्हणजे 'करण घेलो' ही गुजरातीतील पहिली कादंबरी लिहिणारे गृहस्थ. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतातील स्त्रियांच्या वतीने घटनासमितीस राष्ट्रध्वज अर्पण केला तो हंसाबेनांनीच. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या अर्थाचे शब्द जाऊन 'सर्व मानव' असे शब्द आले, तेही त्यांच्याच आग्रहाने. मुलीने सारे नीट गोळा केले होते. शेवटी मात्र एवढेच वाक्य होते की, त्यांचा विवाह एका डॉक्टरांशी झाला.

"कोण डॉक्टर?" मी विचारले.

"नाव आहे सर, जीवराज मेहता. पण त्यांचं काय सांगायचं?"

त्या मुलीचा काहीच दोष नाही. आजच्या पिढीला हे नाव ठाऊक असले तर अहमदाबादेतील एका वस्तीचे किंवा एका इस्पितळाचे म्हणून. परंतु बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत ज्यांचे बालपण गेले त्यांना तिचा प्रश्न ऐकून थोडे चुकल्यासारखे वाटेल. आपल्या वाड्यांतून, ओसरीवरच्या गप्पांतून 'आपले शेवटचे दिवाण' म्हणून ज्यांचा उल्लेख होई ते हेच. त्या उल्लेखात आदर असे, आणि एक सुस्काराही असे. आज त्या सुस्काऱ्याविषयीच चार शब्द लिहावेत असे मनात आहे.

डॉक्टरकी करणारा माणूस पुढे राज्याच्या प्रमुखपदी बसला, अशी उदाहरणे जगात आहेत. चीनचे सन यत्-सेन हाँगकाँगच्या वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेले. १९१२ साली ते नव्या प्रजासत्ताकाचे पहिले हंगामी अध्यक्ष झाले. चिलीचे सॅल्व्हादोर आयेंदे डॉक्टरच होते. आपल्याकडे बंगालचे डॉ. बिधनचंद्र रॉय मुख्यमंत्री असतानाही रोगी तपासत. परंतु एका राज्याचा शेवटचा कारभारी आणि दुसऱ्या राज्याचा पहिला, असे दोन्ही मान ज्या एकाच डॉक्टराच्या वाट्याला आले, ते आमचे डॉ. जीवराज नारायण मेहता. संस्थानाच्या गादीवर महाराज होते व प्रांताच्या शिरोभागी राज्यपाल, हे खरे. पण कारभाराची सूत्रे हाती असलेला माणूस म्हणजेच राज्याचा प्रमुख, असे सामान्य प्रजा समजते, आणि त्यात फारसे चुकत नाही.

जीवराजभाई मूळचे बडोदे संस्थानचे प्रजाजन. २९ ऑगस्ट १८८७ रोजी त्यांचा जन्म अमरेलीस झाला. अमरेली काठेवाडात, पण तो प्रांत गायकवाडीतला. सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग श्रीमंत सयाजीराव महाराजांनी प्रथम केला तो १८९३ साली याच अमरेलीत. जीवराज तेव्हा सहा वर्षांचे होते. घरची स्थिती बेताची, कपोळ वाण्याचे कुटुंब. शिकवण्या करून शिक्षणाचा खर्च भागवावा लागे. अमरेलीचे सिव्हिल सर्जन डॉ. एदलजी रुस्तमजी दादाचंदजी या पारशी गृहस्थांना पाहून या मुलाने डॉक्टर होण्याचे मनात घेतले. कपोळ बोर्डिंगच्या ट्रस्टने हात दिला, आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रवेश झाला. तिथे शेवटच्या वर्षाला आठ बक्षिसे होती. त्यांपैकी सात या विद्यार्थ्याने घेतली, आणि आठवे खोलीतल्या सोबत्याबरोबर वाटून घेतले! आमच्या गाण्याच्या धंद्यात असे यश मिळाले की लोक दृष्ट काढतात.

पुढे टाटांच्या शिष्यवृत्तीवर ते १९०९ मध्ये लंडनला गेले. १९१४ साली तेथील एम. डी. झाले, विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळवले आणि रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे सदस्यत्वही. त्याच वर्षी त्यांच्या हाती एक विलक्षण रोगी आला. दक्षिण आफ्रिकेतून निघालेले गांधीजी महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारासच लंडनला पोहोचले होते, आणि त्यांना प्लूरसी, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाची सूज झाली होती. उपचार जीवराज मेहतांचे. डॉक्टर म्हणत, दूध घ्या, धान्य घ्या. रोगी म्हणे, माझे व्रत आहे. गोपाळराव गोखलेही तेव्हा तेथेच होते व तेही डॉक्टरांच्याच बाजूचे. तरी रोगी फळे आणि शेंगदाणे सोडून बाहेर यावयास तयार नाही. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत हा प्रसंग लिहून ठेवला आहे. सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरला आपल्या विद्येचे अगदी ताजे पदक मिळालेले, आणि समोर असा रोगी! पण दोघांचा स्नेह त्यामुळे तुटला नाही. उलट जन्माचा जडला.

मायदेशी परतल्यावर जीवराजभाईंनी काही काळ बडोद्यास मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणून काम पाहिले. पण डॉक्टर म्हणून त्यांचे खरे स्मारक मुंबईत परळला उभे आहे. त्या काळी वैद्यकीय शिक्षणातील मोठ्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत, आणि त्यांत गोऱ्यांचाच भरणा. हिंदी डॉक्टर कितीही विद्वान असला तरी त्याने दुय्यम जागेवर समाधान मानावे, अशी रीत. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या मिळकतीतून नव्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी पुढे आली ती एका अटीवर: प्राध्यापक सारे हिंदी हवेत, आणि सरकारी नोकरीतले नकोत. या देणगीतून सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज निघाले, आणि त्याला जोडून १९२६ मध्ये के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले. पहिले डीन डॉ. जीवराज मेहता. १९२५ पासून १९४२ पर्यंत त्यांनी ही संस्था वाढवली. ज्या घरांतून कोणी ना कोणी के. ई. एम.च्या पायऱ्या चढला नाही अशी मराठी घरे मुंबईत थोडीच निघतील. पण ही पायरी बांधताना हिंदी डॉक्टरला आपली लायकी गोऱ्यांपुढे सिद्ध करावयाची होती, आणि त्या परीक्षेस आमचा अमरेलीचा मनुष्य बसला होता, हे पुष्कळांच्या लक्षात नसते.

आता सुरतेकडे यावे. सुरतेचे नंदशंकर मेहता यांचे चिरंजीव मनुभाई. मनुभाई बडोद्याच्या राजसेवेत आले आणि १९१६ ते १९२७ दिवाण होते. त्यांची कन्या हंसा. इंग्लंडात शिकून आलेल्या, सरोजिनीदेवींच्या सहवासात वावरलेल्या या मुलीने १९२४ साली डॉ. जीवराज मेहतांशी विवाह केला. मुलगी नागर ब्राह्मण, मुलगा वाणी. म्हणजे शास्त्राच्या भाषेत प्रतिलोम. नागर ज्ञातीत मोठे वादळ उठले. बहिष्कारापर्यंत मजल गेली. सयाजीराव महाराजांची सहानुभूती मात्र या जोडप्याकडे होती. ज्या राजाने आपल्या राज्यात जातिभेदाविरुद्ध एवढे प्रयत्न केले त्याच्या दिवाणाच्या घरातच हा प्रसंग यावा, हाही एक योगच. सुरतेच्या नागरवाड्यातील जुन्या मंडळींनी त्या वेळी कोणते शब्द वापरले असतील ते सांगावयास नको. पण पुढे त्याच सुरतेच्या शाळांतून मुली हंसाबेनांवर भाषणे करू लागल्या. तेव्हा वादळाचा निकाल कोणाच्या बाजूने लागला हे उघडच आहे.

सासरे बडोद्याचे दिवाण होते. जावई पुढे चोवीस वर्षांनी त्याच जागेवर बसणार होता. पण मधला रस्ता तुरुंगावरून गेला. स्वातंत्र्यलढ्यात डॉक्टरांनी कारावास भोगला. स्वातंत्र्य आले तेव्हा दिल्लीस आरोग्यखात्याची मोठी जबाबदारी त्यांच्यावर पडली. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींनी दिल्लीत शेवटचे उपोषण केले. त्या वेळी त्यांच्या प्रकृतीवर देखरेख करणाऱ्या डॉक्टरांत जीवराजभाई होते. उपोषण सुटले, दोनच आठवडे गेले, आणि ३० जानेवारीची संध्याकाळ आली. बिर्ला भवनात जे डॉक्टर धावत पोहोचले त्यांत तेही होते. आणि सारे संपले आहे हे निश्चितपणे सांगण्याचे काम त्यांना करावे लागले. चौतीस वर्षांपूर्वी लंडनच्या थंडीत ज्या हाताची नाडी तपासून त्यांनी दुधासाठी हट्ट धरला होता, तोच हात.

डॉक्टरच्या विद्येला दोन अंगे आहेत, असे मला वाटते. एक, जीव वाचवण्याचे. दुसरे, जेव्हा वाचवण्यासारखे उरत नाही तेव्हा ते स्पष्ट सांगण्याचे, आणि घरच्या मंडळींनी पुढे काय करावे हे शांतपणे सुचवण्याचे. पहिल्या अंगाचे कौतुक सर्वत्र होते. दुसऱ्याचे कोणी करीत नाही. १९४८ हे साल जीवराजभाईंना दुसऱ्या अंगाचेच आले.

त्याच वर्षी ४ सप्टेंबर रोजी त्यांनी बडोदे संस्थानच्या कारभाराची सूत्रे हाती घेतली. दिवाण म्हणा, पंतप्रधान म्हणा. लोकप्रतिनिधींच्या मंत्रिमंडळाचे ते प्रमुख. संस्थानची प्रकृती तेव्हा कशी होती? खजिन्यावरून आणि अधिकारावरून महाराज प्रतापसिंहराव व लोकप्रतिनिधी यांच्यात ताण पडलेला. आजूबाजूची लहानमोठी संस्थाने एकामागून एक विलीन होत चाललेली. बडोदे मोठे, त्याला स्वतंत्र राहता येईल अशी आशा आपल्या मंडळींत पुष्कळांना होती. पण संस्थानचे प्रांत कसे विखुरलेले होते ते आठवावे. अमरेली काठेवाडात, ओखामंडळ समुद्राच्या टोकाला, कडी उत्तरेस, नवसारी इकडे सुरतेच्या उशाला. मधल्या वाटा सगळ्या परक्या. पिलाजीरावांनी सुरतेजवळच्या सोनगडास गायकवाडीचा पाया घातला तेव्हा असे तुटक राज्य तलवारीच्या बळावर चालत होते. १९४८ साली ते चालणार नव्हते.

हे निदान नव्या दिवाणांना झाले असले पाहिजे. मग प्रश्न उरला तो असा, की जे जाणार आहे त्यातले काय राखावयाचे आणि ते कोणाच्या हाती द्यावयाचे?

वाचकांनी पुढील दोन तारखा जवळजवळ ठेवून पाहाव्यात. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. आणि त्याच्या आदल्या दिवशी, ३० एप्रिल १९४९ रोजी, महाराजा सयाजीराव विद्यापीठ अस्तित्वात आले. हे विद्यापीठ मुंबई सरकारच्या नव्हे, बडोदे संस्थानच्या कायद्याने जन्मास आले. सयाजीराव महाराजांनी आयुष्यभर बाळगलेली ही इच्छा १९३९ मध्ये त्यांच्याबरोबरच गेली असे वाटत होते. संस्थानच्या शेवटच्या दिवसांत ती पुरी झाली. १८८१ पासूनचे बडोदे कॉलेज, १८९० चे कलाभवन, हा सारा संसार विद्यापीठाच्या छपराखाली आला. संस्थानने जाता जाता केलेले हे मृत्युपत्रच म्हणावयाचे. आणि पहिल्या कुलगुरू कोण? तर सुरतेच्या हंसाबेन. मुलामुलींच्या एकत्र विद्यापीठाच्या कुलगुरुपदी बसलेल्या भारतातील त्या पहिल्या महिला. दिवाणांच्या पत्नीस हे पद मिळाले म्हणून त्या काळी कोणी नाके मुरडली असतील तर नवल नाही. पण १९५८ पर्यंत त्यांनी जे काम केले त्याने तो प्रश्नच मिटला.

या विद्यापीठाच्या छपराखाली आणखी एक संस्था आली, आणि तिच्याशी माझ्या घराचा संबंध आहे. १८८६ साली उस्ताद मौलाबक्ष यांनी महाराजांच्या आश्रयाने सुरू केलेली सूरसागराकाठची गायनशाळा. माझे वडील दरबारी तबलावादक. विशी ओलांडण्याआधीच कलावंत कारखान्यात त्यांची हजेरी लागली होती. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबारात कलावंतांसाठी वेगळे खातेच असे. ठरल्या दिवशी हजेरी, ठरला पगार, दसऱ्याला मानाचा पोशाख. उस्ताद फैयाझखाँसाहेबांसारखा सूर्य ज्या खात्यात तळपत होता, त्या खात्यात आमच्या घरची पणती एका कोपऱ्यात जळत होती, एवढेच.

१ मे १९४९ च्या पहाटेची गोष्ट वडील नेहमी एकाच पद्धतीने सांगत. रोजच्यासारखे उठले, तबला काढला, हातोडीने स्वर मिळवला, आणि मग हात मांडीवर ठेवून बसून राहिले. आजोबा आतून म्हणाले, "वाजव की रे." वडील म्हणाले, "कोणासाठी?" त्यावर आजोबांनाही उत्तर सुचले नाही. त्या दिवशी आमच्या घरात रियाज झाला नाही. आमच्यासारख्या बऱ्याच घरांत नसावा. आपल्या मराठी घरांत तलवार गेली, मग कारकुनी गेली, शेवटी हा सूरही गेला, असे त्या पिढीला वाटले. त्या सुस्काऱ्याचे मूळ इथे आहे, आणि ते खोटे होते असे मी कधीही म्हणणार नाही. कारखान्यातल्या काही वृद्ध कलावंतांचे पुढचे दिवस ओढीचेच गेले. खाँसाहेबही पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९५० मध्ये, बडोद्यासच पैगंबरवासी झाले. एक मैफल खरोखरच संपली.

पण सूरसागराच्या काठी दुसरे काही सुरू झाले होते. गायनशाळा आता विद्यापीठाचे संगीत, नृत्य व नाट्य महाविद्यालय झाली. जी विद्या दरबाराच्या मर्जीवर होती, तिला अभ्यासक्रम आला, परीक्षा आली, पदवी आली. कोणाच्याही घरच्या मुलीने फी भरावी आणि शिकावे. जुन्या उस्तादांना हे पसंत पडले नाही. "गाणे काय, फळ्यावर लिहून येते?" असे ते म्हणत, आणि त्यात तथ्यही होते. तरी वडील काही वर्षांनी तिथे साथीला जाऊ लागले. पहिल्या दिवशी समोर बसलेली पंधरा-वीस मुले पाहून घरी आले आणि आजीला म्हणाले, "कोणासाठी वाजवायचे ते कळले." मी पुढे तिथेच शिकलो, आणि त्याच शिक्षणावर आज सुरतेत चार मुलांना सूर लावावयास शिकवून पोट भरतो. म्हणून म्हणतो, ३० एप्रिल आणि १ मे यांमधल्या त्या एका रात्रीचे ऋण माझ्यावर आहे.

विलीनीकरणानंतर जीवराजभाई मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळात गेले. बांधकाम, अर्थ अशी खाती सांभाळली. पुढे द्विभाषिक राज्य आले, आणि इकडे संयुक्त महाराष्ट्राचे, तिकडे महागुजराताचे आंदोलन पेटले. अखेर राज्याची वाटणी झाली. १ मे १९६० रोजी साबरमतीच्या आश्रमात रविशंकर महाराजांसारख्या वृद्ध लोकसेवकाच्या हस्ते गुजरात राज्याचे उद्घाटन झाले, आणि पहिले मुख्यमंत्री म्हणून डॉ. जीवराज मेहतांनी शपथ घेतली. तारीख पाहिलीत? पुन्हा १ मे. अकरा वर्षांपूर्वी याच तारखेला त्यांच्या हाताखालचे एक राज्य मिटले होते. आता बहात्तराव्या वर्षी दुसऱ्याचा पहिला टाहो त्यांनी ऐकला.

आपल्यापैकी सुरत-नवसारीकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना या वाटणीची धग जवळून लागली. डांगाचे काय होणार, उंबरगावचे काय होणार, यावर त्या काळी घरोघर वाद झाले. डांग गुजरातेत राहिला, उंबरगावकडचा भाग ठाणे जिल्ह्यातून सुरत जिल्ह्यात आला. बडोद्याचा मराठी माणूस तर महाराष्ट्र झाला म्हणून पेढे वाटावे की आपण गुजरातचे झालो म्हणून गप्प बसावे, अशा पेचात सापडला. अशा वेळी नव्या राज्याच्या प्रमुखपदी बडोद्याच्या दरबाराची, तिथल्या मराठी रीतीची आणि मराठी माणसांची पूर्ण ओळख असलेला गृहस्थ होता, ही गोष्ट लहान नव्हे. परके कोण आणि आपले कोण, हे त्यांना नव्याने शिकावे लागले नाही.

त्यांच्या साडेतीन वर्षांच्या कारकिर्दीत जे उभे राहिले त्याची यादी मोठी आहे. १९६१ साली सुरतेस सरदार वल्लभभाईंच्या नावाचे इंजिनियरिंग कॉलेज निघाले. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. आज गुजरातेत गावोगाव ज्या जी. आय. डी. सी. वसाहती दिसतात त्यांचा उगम तिथे. अंकलेश्वरास १९६० मध्ये तेल लागले होते. बडोद्याजवळ कोयलीच्या तेलशुद्धी कारखान्याची कोनशिला १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते बसली. १ एप्रिल १९६३ पासून पंचायत राज्य अमलात आले, म्हणजे कारभार गावापर्यंत वाटून देण्यात आला. ही सारी कामे एकट्याची नव्हेत, हे उघड आहे. पण तान्ह्या राज्याला पहिली दोन-चार वर्षे कोणत्या सवयी लागतात याला महत्त्व असते. गवयाच्या मुलाला पहिला षड्ज कोणी लावून दिला, हे त्याच्या गळ्यात शेवटपर्यंत राहते.

राजकारणाचा रस्ता मात्र सरळ नसतो. पक्षांतर्गत मतभेद वाढले, आणि सप्टेंबर १९६३ मध्ये त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. बळवंतराय मेहता त्यांच्या जागी आले. शहात्तराव्या वर्षी खुर्ची गेलेला मनुष्य कडवट होऊन घरी बसला असता तर कोणी दोष दिला नसता. जीवराजभाई भारताचे उच्चायुक्त म्हणून लंडनला गेले. जिथे विद्यार्थी म्हणून राहिले, जिथे गांधीजींना शुश्रूषेची गरज पडली होती, त्याच गावी आता स्वतंत्र देशाचा वकील म्हणून ते १९६६ पर्यंत राहिले. ते तिकडे असतानाच, १९६४ साली, सुरतेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आणि १९७१ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, ते लोकसभेवर निवडून आले. कुठून? तर अमरेलीतून. जिथे नाळ पुरली होती तिथून. ७ नोव्हेंबर १९७८ रोजी, एक्क्याण्णवाव्या वर्षी, ते गेले. हंसाबेन त्यानंतरही सोळा वर्षांहून अधिक होत्या. ४ एप्रिल १९९५ रोजी त्यांचे निधन झाले.

असे हे चरित्र. सयाजीराव महाराजांनी ज्या अमरेलीत शाळेचा पहिला प्रयोग केला त्या अमरेलीच्या मुलाच्या हातून महाराजांच्या संस्थानचा कारभार मिटावा, आणि मिटताना महाराजांचीच इच्छा पुरी व्हावी, यात मला एक न्याय दिसतो. संस्थान वाचवणे कोणाच्याही हातचे राहिले नव्हते. ते बेवारस जाऊ न देणे एवढे हातचे होते, आणि ते झाले. आपल्या जुन्या घरांत १ मे आला की अजूनही कोणी वडीलधारे "त्या दिवशी आपलं राज्य गेलं" असे म्हणतात. त्यांनी जरूर म्हणावे. फक्त त्याच्या आदल्या दिवसाची आठवणही सांगावी, म्हणजे ऐकणाऱ्या नातवंडांना हिशेबाची दोन्ही पाने वाचावयास मिळतील.

त्या मुलीला मी एवढे सगळे सांगितले नाही. तिला तीन मिनिटांत भाषण संपवावयाचे होते. "लिही," मी म्हणालो, "बडोद्याचे शेवटचे दिवाण, गुजरातचे पहिले मुख्यमंत्री." तिने लिहून घेतले, थोडे थांबून विचारले, "सर, एकच माणूस?"

"एकच."

तिने त्या ओळीखाली रेघ ओढली, कागदाची घडी घालून दप्तरात ठेवली, आणि आम्ही तालमीस बसलो.